मन्नूबियाची समुद्राकडची भिंत

हां, तर गाढव काही केल्या पाऊल उचलेना. काल इथेच थांबलो होतो आपण. गाडीवर नुसत्या पेट्या होत्या तोवर ते निमूट चालत होतं. पण ट्यूनिसहून आणलेलं ते काळं कापड, मशिदीच्या अंगणाएवढं लांबरुंद, वाऱ्यानं सुटलं आणि त्याच्या कानाशी फडफडलं. झालं. खारवट चिखलात चारी पाय रोवून उभं राहिलं ते. मी उतरलो, डोक्यावरची लाल टोपी काढून त्याच्या डोळ्यांवर धरली आणि त्याच्या कानात दोन गोड आणि चार वाईट शब्द सांगितले, तेव्हा कुठे गाडी हलली.

मागे कापडाचं टोक धरून तौफिक चालला होता. तौफिक म्हणजे त्या सिनेमावाल्यांचा कॅमेरामन. पोरसवदा चेहरा, पण केस आधीच पांढरे झालेले.

"सी अमोर," तो मला मानानं हाक मारत म्हणाला, "तुमच्या गाढवाला अंधाराची भीती वाटते."

"भीती नाही. ते विचारात पडलंय. ज्यांनी बोटीतून इतके दिवे उतरवले, त्या माणसांना एवढं काळं कापड कशाला लागतं, हे त्याला कळत नाही."

"दिवे उजेड पाडायला. कापड उजेड काढून घ्यायला."

"आणि उजेड काढून घेऊन काय मिळतं?"

"जागा उदास होते."

"त्यासाठी सफाक्सची बोट पकडून इथवर आलात? ट्यूनिसमध्ये सगळे सुखी आहेत वाटतं."

तो हसला आणि कापडाचं टोक सावरायला लागला. उत्तर मला पुढचा अख्खा पंधरवडा बघायला मिळालं, आणि अजून मी ते विसरलेलो नाही. म्हणून तर तुम्हाला सांगत बसलोय.

करकेन्ना बेटावर आमच्या वाडीला पाहुणे येतात ते उन्हाळ्यात. ही माणसं आली ऐन हिवाळ्यात. त्यांचा दिग्दर्शक सी लुत्फी, काठीसारखा सडपातळ माणूस, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उभा राहायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून बघायचा. आमचा समुद्र तुम्हाला ठाऊकच आहे. ओहोटी लागली की कोसभर मागे जातो, होड्या कुशीवर आडव्या होतात, आणि उरतो करडा चिखल, त्यात पाण्याच्या चिंध्या.

"किती मेलेला समुद्र आहे हा," सी लुत्फी म्हणायचा, आणि हे तो आनंदानं म्हणायचा.

म्हातारा सालेम तेव्हा शेजारीच मडकी उचलत होता. आमच्याकडे ऑक्टोपस मडक्यांनी धरतात. त्याला वाटतं घर मिळालं, आणि तो आत जाऊन बसतो. सालेमनं एका मडक्यातून चांगला हातभर ऑक्टोपस ओढून काढला, सी लुत्फीच्या बुटांशी टाकला आणि म्हणाला, "घ्या, मेलेल्या समुद्रातला जिवंत."

आम्हाला ओहोटी म्हणजे पोटापाण्याची वेळ. त्यांना ती स्मशानकळा. रसासाठी शेंडे छाटलेले आमचे खजूर बघून ते लोक हरखले, म्हणाले, हे तर हात तुटलेल्या माणसांसारखे दिसतात. त्या खजुरांचा रस मी आयुष्यभर प्यालो, मला कधी त्यात माणसं दिसली नाहीत. पण नंतर एकदा तौफिकनं मला कॅमेऱ्याच्या भोकातून बघायला लावलं. खाली सपाट खारी जमीन, वर नुसतं आकाश, आणि कोपऱ्यात त्यांचा नट, मुंगीएवढा. मी डोळा काढला आणि परत एकदा लांबवर बघितलं. तेच रान, तोच सी हत्ताब. पण खरं सांगतो, परत भोकाला डोळा लावायचा धीर झाला नाही. हा सी हत्ताब म्हणजे रेडिओवर लोकांना हसवणारा माणूस. तो रडायला लागला की आमच्या बायका पदरात तोंड लपवून हसायच्या, म्हणून शेवटी त्यांना लांब हाकलावं लागलं.

सिनेमाची गोष्ट साधीच होती. एका म्हाताऱ्याची मुलं एकेक करून बेट सोडून जातात, आणि तो एकटा उरतो. त्या म्हाताऱ्याचं घर म्हणून त्यांनी पसंत केलं आमच्या मन्नूबियाचं.

आता मन्नूबियाबद्दल सांगतो. तसं तिच्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे, असं तीच म्हणायची. खजुराच्या झावळ्यांचा दोर वळणारी बाई. नवरा तापानं गेला तेव्हा मूल अंगावर पीत होतं. मग तिनं दोर वळले, मडकी भाजली, दुसऱ्यांच्या जाळ्यांना गाठी मारल्या, आणि मुलाला वाढवलं. सगळी वाडी तिला खालती म्हणायची, सख्ख्या मावशीला म्हणावं तसं. माझ्याहून ती चारच वर्षांनी मोठी, पण मीही तेच म्हणायचो. जीभ अशी, की तिच्या दारावरून जाताना सालेम खोकायचं टाळायचा. एकदा त्यानं तिच्या दोराला नावं ठेवली. ती म्हणाली, "सालेम, दोर तुझ्या होडीएवढाच जुना आहे, फक्त तो अजून धरतो." वर्षभर लोक सालेमला विचारत होते, होडी धरते का रे.

मुलाचं नाव नाजी. हिवाळ्याच्या एका सकाळी, अंगाला नुसता वारा झोंबावा अशा साध्या दिवशी, तो उथळ पाण्यात रोवलेल्या आपल्या झावळ्यांच्या कुंपणात अडकलेले मासे काढायला गेला. ते कुंपण किनाऱ्यावरून दिसायचं. इतकं जवळ. दुपारी वारा फिरला. होडीचं सुकाणू मिळालं, एक वल्हं मिळालं. नाजी मिळाला नाही.

मन्नूबियाची थोरली बहीण हल्लूमा, बेटाच्या दुसऱ्या टोकाला क्राटेनला दिलेली, साखर आणि तेल घेऊन समाचाराला आली. आमच्यात अशा वेळी दाराशी उभं राहून म्हणतात, 'बरकत तुमच्यात राहो.' हल्लूमानं तोंड उघडलं, तोच मन्नूबिया चुन्याची बादली घेऊन बाहेर आली.

"कुणाच्या घरी आलीस तू?" तिनं सख्ख्या बहिणीला विचारलं. "भिंत दिसत नाही तुला? मी चुना देतेय."

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं, त्या घराला वर्षभर चुना देत नाहीत. रमजान येवो, ईद येवो, सगळी वाडी पांढरी होते, ते एक घर काळवंडत राहतं. लांबून येणाऱ्याला विचारावं लागत नाही. आणि मन्नूबियानं त्याच आठवड्यात घर आतून बाहेरून पांढरंफेक केलं. "इटलीच्या मोठ्या बोटी इथवर येतात," ती म्हणायची. "त्यांनी उचलला असेल त्याला. पोराला बोलायला जीभ आहे, कमवायला हात आहेत. येईल."

हल्लूमा म्हणाली, "अगं, आईनं तरी खरं ते मानावं. तू मानलं नाहीस तर त्याला शांती कशी मिळेल?"

मन्नूबियानं दार लावलं. दोघी बहिणींचं बोलणं त्या दिवशी बंद झालं, ते आठ-नऊ वर्षं बंदच राहिलं.

आणि ती भिंत. घर अगदी शेवटचं, मागची भिंत समुद्राकडे, बिनखिडकीची. ती इतकी पांढरी असायची की कोळी लोक आत येताना तिच्यावर नजर लावून होडी हाकायचे. भिंत मशिदीच्या उजव्या हाताला आली की खोल पाणी, डाव्या हाताला गेली की गाळ. तिनं ते कुणासाठी केलं नव्हतं. एकासाठीच केलं होतं. पण फायदा सगळ्यांचा होत होता, म्हणून कुणी तिला शहाणपण शिकवायला गेलं नाही. दरवर्षी तिच्या चुन्याचा एक थर चढायचा, आणि नाजीचं नाव तिच्यासमोर सगळे तो जिवंत असल्यासारखं घ्यायचे. मीसुद्धा.

तर सी लुत्फी आणि तौफिक तिच्या अंगणात शिरले. मी सोबत होतो, ओळख करून द्यायला. तौफिकनं भिंतीवरून हात फिरवला, आकाशाकडे बघितलं आणि मान हलवली.

"घर पाहिजे तसंच आहे. पण भिंती उजेड परत फेकतात. मी इथे कितीही अंधार केला तरी या चार भिंती माझ्याविरुद्ध काम करणार."

"चांगल्या आहेत मग माझ्या भिंती," खालती म्हणाली. "चहा घेणार?"

चहा झाला. सी लुत्फी फार अदबीनं बोलत होता. भिंतींना चिखल-राखेचं पाणी द्यायचं, निळ्या दाराला गोणपाट लावायचं, लाल घोंगडी आत ठेवायची, अंगणावर ते काळं कापड ताणायचं, म्हणजे एकाच खिडकीतून उजेड येईल आणि नटाचा अर्धाच चेहरा दिसेल. काम संपलं की सगळं पहिल्यासारखं, पांढरं करून देऊ, माझा शब्द.

"नको," खालती म्हणाली. दोर वळता वळता, वर न बघता.

सी लुत्फीनं परत सांगितलं. ती परत नको म्हणाली. मग उठता उठता तो सहज बोलून गेला, की हा सिनेमा ट्यूनिसमध्ये लागेल, फ्रान्समध्ये दाखवतील, इटलीत दाखवतील.

दोर थांबला.

"इटलीत कुठे?"

"मोठ्या शहरांत. रोममध्ये, पालेर्मोमध्ये."

"कोळी राहतात तिकडे? पालेर्मोत?"

"राहतात की."

मी तौफिककडे बघितलं. त्याला काही माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं पेला खाली ठेवला.

खालतीनं दोर बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माझा मुलगा तिकडे आहे. त्यानं हे घर पडद्यावर पाहिलं, आणि भिंत अशी काळी दिसली, तर त्याला काय वाटेल? वाटेल, आई मेली. मग तो कशाला परत येईल?"

सी लुत्फी उठता उठता परत खाली बसला. तीच पुढे म्हणाली, "अंगणातल्या तारेवर माझे ऑक्टोपस वाळत असतात. ते तिथेच राहू द्या. रोज ताजे घालीन. ओला ऑक्टोपस तारेवर दिसला की त्याला कळेल, घरात माणूस आहे. समुद्राकडच्या भिंतीला मात्र हात लावायचा नाही."

"राहू देऊ," सी लुत्फी म्हणाला. आणि बाहेर पडल्यावर, वाटेत, तौफिकला म्हणाला, "ते ऑक्टोपस पाहिलेस? वाऱ्यावर लटकलेले हात. याहून भयाण मला काही सुचलंच नसतं." मी ऐकून घेतलं. खालतीला सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो?

कामाला सुरुवात झाली. अंगण झाकलं, भिंतींना राखेचं पाणी दिलं. भर दुपारी आत पाऊल टाकलं की गुहेत गेल्यासारखं वाटायचं. मग तौफिक कुठेतरी कापडाचा कोपरा वीतभर उचलायचा, आणि सी हत्ताबच्या गालावर एक करडा पट्टा पडायचा. बाकी सगळं बुडालेलं. खालती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघायची. तिला सी हत्ताबची दया यायची. "जेवत नाही का हा?" ती विचारायची, आणि खरंच त्याला जवाचा कुसकुस वाढायची. तौफिकचं आणि तिचं बरं जमलं. तो तिला चिडवायचा, "खालती, तुम्ही हसलात की माझा उजेड बिघडतो." ती म्हणायची, "मग तू मला रडव की, तेवढ्याचेच पैसे घेतोस ना."

शेवटचं दृश्य राहिलं होतं. म्हातारा होडीतून बेट सोडून जातोय, आणि पाण्यावरून त्याला त्याचं घर दिसतंय, लहान लहान होत जाणारं. तौफिकनं होडीतून बघितलं आणि येऊन डोक्याला हात लावून बसला. सगळा किनारा राखाडी, आणि मधोमध ती भिंत, आरशासारखी.

तो खालतीकडे एकटाच गेला. काय बोलणं झालं ते मला तिनंच नंतर सांगितलं. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, ही भिंत अशीच राहिली तर बघणाऱ्याला वाटेल, म्हातारा परत येणार. आणि आमचा म्हातारा परत येणार नाही.

"आणि मग शेवट इटलीत दिसणार नाही?" तिनं विचारलं.

"शेवटच नसेल तर सिनेमाच नाही, खालती."

तेव्हा ती म्हणाली, "एक दिवस. आभाळ भरून येईल त्या दिवशी सकाळी रंगवा, संध्याकाळी पांढरी करा."

पण आमच्या आभाळाचं तुम्हाला माहीत आहे. रात्री सगळीकडून ढग आले, म्हणून पहाटे त्यांनी भिंतीला राख-चिखल दिला. आणि वाळेपर्यंत लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी ऊन. तिसऱ्या दिवशी असं ऊन, की बायकांनी गाद्या बाहेर टाकल्या. सिनेमावाले किनाऱ्यावर बसून आकाशाला शिव्या देत होते. वाडीतल्या लोकांना इतकी मजा कधी आली नव्हती. चांगल्या हवेवर चिडलेली माणसं आम्ही प्रथमच बघत होतो. खालती रोज सकाळी तौफिकसमोर जाऊन उभी राहायची.

"पोरा, आज?"

"आज येतील ढग, खालती."

ती भिंतीकडे वळायची नाही. घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत जायची.

त्यातच सालेम गाळात रुतला. माशांनी भरलेली होडी घेऊन संध्याकाळी आत येत होता, भिंत शोधत राहिला, ती सापडलीच नाही, आणि होडी चिखलात बसली. ओहोटीत तिथेच रात्र काढून सकाळी गुडघाभर चिखलातून चालत तो वाडीत आला. सिनेमावाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"अमोर, क्राटेनची एक होडी माझ्या बाजूनं गेली. त्यातले लोक मला ओरडून विचारत होते, मन्नूबियाच्या पोराचं काही कळलं का? सापडला का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"वारा होता. त्यांनी काय ऐकलं, देव जाणे. त्यांनी भिंत बघितली होती, एवढं खरं."

मी म्हटलं, जाऊ दे, सिनेमा आलाय हे क्राटेनला ठाऊक असेलच. नव्हतं. आणि असतं तरी, नऊ वर्षं पांढरी राहिलेली ती भिंत सिनेमासाठी काळी होईल, हे कुणाच्या स्वप्नात आलं असतं?

दुसऱ्या दिवशी ढग आले. कसे आले म्हणून सांगू. शिसं वितळवून ओतावं तसं आभाळ खाली आलं, समुद्र आणि ते एकाच रंगाचे झाले. सावली म्हणून कुणालाच उरली नाही. तौफिक पळत होता. कॅमेरा होडीत चढवला, सी हत्ताब होडीत बसला, सी लुत्फी पाण्यात उभा राहून हात हलवायला लागला. मी किनाऱ्यावर दोर धरून होतो. खालती माझ्याशेजारी उभी होती, हातात चुन्याची बादली तयार. काम संपलं की स्वतःच सुरुवात करणार होती.

आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं एक गाडी येताना दिसली. गाडीपुढे पाच-सहा बायका पायी. पुढे हल्लूमा. वय झालेलं, पाय सुजलेले, पण चालत आलेली. गाडीत साखर, तेलाचं भांडं, पांढऱ्या कापडानं झाकलेली कुसकुसची मोठी परात. मरणाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शिजवूनच आणलेलं.

मला सगळं कळलं. मी पुढे झालो. "हल्लूमा, अगं थांब, हे तसं नाही, हे सिनेमावाल्यांनी..."

माझ्या मनगटावर हात पडला. खालतीचा. दोर वळणारा हात, दुखलं मला.

हल्लूमा भिंतीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खरं सांगू, त्यात सुटकाही होती. ती बहिणीसमोर येऊन उभी राहिली आणि नऊ वर्षांपूर्वी तोंडात अडकलेलं वाक्य तिनं पुरं केलं.

"बरकत तुमच्यात राहो, मन्नूबिया."

पाण्यातून सी लुत्फी हात हलवत होता. त्याला तिथून काही ऐकू जात नव्हतं. खालतीनं हळूहळू मान वळवली, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं आपली भिंत बघितली. करडं आभाळ, करडा चिखल, आणि मध्ये तिचं घर, इतर कुठल्याही समाचाराच्या घरासारखं.

मला वाटलं, आता ती बादली फेकून मारेल. तिनं ती खाली ठेवली, अलगद, सांडणार नाही अशी.

"इतकं चालत आलीस," ती बहिणीला म्हणाली. "वाटेत चिखल होता का?"

"होता."

"चल मग आत. पाय धू."

आत जाता जाता ती अंगणात थांबली. तारेवर सकाळीच घातलेले ऑक्टोपस होते, अजून पाणी ठिबकत होतं. तिनं एकेक काढला आणि हल्लूमाच्या हातात दिला. सी लुत्फी तोवर धावत आला होता. तो म्हणाला, ते तारेवर पाहिजेत, आधीच्या दृश्यात आहेत, आणि होडीतूनही तार दिसते. तौफिकनं त्याच्या दंडाला धरलं आणि मागे ओढलं. कॅमेऱ्यावर त्यानं आधीच झाकण घातलेलं होतं. इतके दिवस ज्या उजेडासाठी आकाशाकडे डोळे लावून बसले, तो उजेड तासभर तसाच समुद्रावर पडून होता, आणि तौफिक चिखलात उकिडवा बसून सिगारेट ओढत होता. नंतर त्यांनी दृश्य घेतलं. ढग दुसऱ्या दिवशीही होते. तेवढी दया आली त्यांना.

घरातून रडण्याचा आवाज आला तो दुपारी उशिरा. आधी बायकांचा, मग तिचा. आम्ही पुरुष बाहेर चटईवर बसलो. सालेमही आला, आणि माझ्याशेजारी बसून खोकला.

सिनेमा पुढे बेटावरच्या रमला गावच्या शाळेत चादर लावून दाखवला. इटलीत दाखवला की नाही, मला माहीत नाही. सी हत्ताबचा अर्धा चेहरा बघून शहरातून आलेले दोघं-तिघं डोळे पुसत होते. माझी बायको ऑक्टोपस बघून म्हणाली, दोन किलोचा आहे तो डावीकडचा. एका दृश्यात तार भरलेली आहे, आणि लगेच पुढच्यात रिकामी. मागे कुणी तरुण म्हणाला, चूक झालीय यांची. आम्ही कुणी वळून बघितलं नाही.

हां, पण चुन्याचं राहिलंच की.

सिनेमावाले निघाले त्या सकाळी सालेम एक उंच बांबू खांद्यावर घेऊन पाण्याकडे चालला होता. टोकाला पांढरा पत्र्याचा डबा उलटा बांधलेला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "गाळाच्या तोंडाशी रोवायचाय. खालतीनं सांगितलंय. तुम्हाला खूण लागेल, म्हणाली." मला काही उमजलं नाही. भिंत तर आज पांढरी होणारच होती.

तौफिक दिलेल्या शब्दाला जागला. पेट्या बोटीवर गेल्या होत्या, सी लुत्फी धक्क्यावर घड्याळ बघत होता, पण तौफिक बाह्या वर सारून दोन बादल्या भिजवलेला चुना आणि नवे कुंचे घेऊन खालतीच्या दारात उभा राहिला. ती उंबऱ्यावर बसली होती, शेजारी हल्लूमा. दोघी मिळून एकच दोर वळत होत्या, दोन टोकांनी.

"खालती," तो म्हणाला, "आधी कुठली घेऊ? समुद्राकडची?"

तिनं दोर मांडीवर ठेवला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली:

"बादल्या तिथे सावलीत ठेव, पोरा. वर्ष सरल्याशिवाय भिंतीला पांढरा हात लावत नाहीत आमच्याकडे."